मुठीबद्दल हुकुमात काही नव्हतं

पोलिसांच्या पंचनाम्यात कोयत्याचं वर्णन ठरलेलं असतं. लोखंडी कोयता, लाकडी मूठ, जुना वापरता, नग एक. त्याने ऊस तोडलेला असो की माणूस, शब्द तेच. मी बारामतीला कोर्टात नाझर आहे, म्हणजे खटल्यांत जप्त झालेला मुद्देमाल सांभाळायचं काम माझ्याकडे. लोकांना वाटतं, कोर्टात न्याय राहतो. त्यांनी एकदा माझी खोली येऊन बघावी. तिथे सायकली, मोबाईल, रॉकेलचे डबे, कुणाची तरी डागाळलेली चादर आणि पोत्यात भरलेले कोयते राहतात, आणि या सगळ्यांवर पाली फिरतात.

निकाल लागला, अपिलाचं संपलं, की या मालाची विल्हेवाट लावायची असते. किमती वस्तू मालकाला, नाहीतर सरकारजमा. दारू ओतून द्यायची. काठ्या जाळायच्या. गावठी कट्टे आणि काडतुसं आमच्या हातची नाहीत. ती पोलीस बंदोबस्तात जिल्ह्याला जातात, पुढचं पुढचे बघतात. आमच्या वाट्याला उरतं ते धारेचं लोखंड. कोयते, सुऱ्या, गुप्त्या, एखादी तलवार. हे सरकारजमा झालं तरी सरकारला त्याचा उपयोग काय? लिलावात काढावं, तर घेणारा घरी नेऊन काय करेल याची हमी कोण देणार? म्हणून हुकुमात लिहिलेलं असतं, ‘नाश करण्यात यावा.’ मग दोन पंच आणि एक हवालदार सोबत घेऊन आम्ही इंदापूर रस्त्यावर काटेवाडीच्या पुढे असलेल्या एका वर्कशॉपमध्ये जातो. एरवी तिथे उसाच्या ट्रेलरचे सांगाडे बनतात. मालक गॅस कटरने एकेक पातं तोडतो, तुकडे भंगारात जातात, आम्ही पंचनाम्यावर सह्या करून माघारी.

खरं म्हणजे कंटाळवाणं काम. पण यंदा उन्हाळ्यात त्याच कामाने माझी झोप उडवली, आणि त्याला कारण कळस गावची एक बाई.

तिच्या नवऱ्याचा खून झाला होता, कालव्याच्या चारीच्या पाण्यावरून, त्यांच्याच रानात. मारणारा चुलत दीर. त्याने तिच्या नवऱ्याच्या हातातलाच कोयता हिसकावला आणि त्याच्यावरच चालवला. ही भाकरी घेऊन बांधावर पोचली होती, तिने सगळं पाहिलं. दिराला जन्मठेप झाली, वरच्या कोर्टातही ती कायम राहिली. एवढं झाल्यावर माणूस कोर्टाचं तोंड बघत नाही. ही मात्र दर काही महिन्यांनी माझ्या खोलीच्या दारात उभी राहायची. रान वाट्याने देऊन ती काटेवाडीला भावाकडे राहत होती. तिथून एसटीने यायची आणि एकच विचारायची.

“बाई, मोडला का वो तो?”

मी तोंडाने फटकळ आहे. पहिल्या वेळी मी म्हणाले, “कोयता आहे तो, पापड नाही लगेच मोडायला.” ती रागावली नाही. म्हणाली, “रान माझं हाय, पर तितं माझ्यानं उभं ऱ्हावत न्हाय. तो कोयता कुठंतरी सलामत हाय असं ध्यानात येतं आन पाय मागं सरत्यात. तो मोडला की मी रानात जाईन.”

हे खूळ आहे, असं मी तिच्या तोंडावर बोलले. “आसंल,” ती म्हणाली आणि पुढच्या वेळी पुन्हा आली. शेवटी यंदाच्या खेपेच्या मालात तिच्या खटल्याचा नंबर लागला, तेव्हा मीच तिच्या भावाला फोन करून कळवलं. नियमाने तिला आत येता येत नव्हतं. मी तिला वर्कशॉपच्या फाटकाशी कडुलिंबाखाली बसवलं आणि बजावलं, इथून बघायचं, जागचं हलायचं नाही.

सकाळीच लोखंडी पत्रे तापले होते. पंचांपैकी एक कृषी खात्यातले, एक पंचायत समितीतले. दोघंही घड्याळाकडे बघत होते. आमच्या ऑफिसचे म्हातारे शिपाई, ज्यांना सगळं कोर्ट आबा म्हणतं, पोत्यातून एकेक हत्यार काढून द्यायचे. हवालदार चिठ्ठीवरचा नंबर मोठ्याने वाचायचे, मी हुकुमाशी जुळवायची. मालक आधी हातोड्याने मूठ ठोकून बाजूला टाकायचा, कारण ज्योतीने लाकूड पेटतं, आणि मग पात्यावर कटर धरायचा. तलवार गेली, सुऱ्या गेल्या. मग हवालदारांनी तिच्या खटल्याचा नंबर वाचला. मी तो कोयता उचलून तिला लांबून दाखवला.

ती उठली ती सरळ आत आली. पंच “अहो, अहो,” म्हणेपर्यंत ती माझ्याजवळ पोचलीसुद्धा. तिने कोयत्याला हात लावला नाही. फक्त खाली वाकून पाहिलं.

“ह्यो न्हवं,” ती म्हणाली.

“बाई, किती वर्षं झाली. गंजलाय तो.”

“पातं गंजंल. मूठ कशी बदलंल? आमच्या ह्येंचा आंगठा वाकडा व्हता, लहानपनी बैलाच्या दाव्यात घावला व्हता. आंगठा बसाया त्येंनी मुठीला खोबन कोरली व्हती. ह्याला कुठंय खोबन?”

मूठ गुळगुळीत होती. मला पहिल्यांदा तिचाच राग आला, हे कबूल करते. काम सरळ चाललं होतं, नंबर जुळत होता, आणि ही मध्येच. पण कोयता हातात फिरवताना दोन गोष्टी दिसल्या. पातं जिथे मुठीत शिरतं त्या फटीत लाल काहीतरी चिकटलं होतं. रक्त इतकं लाल राहत नाही. ते कुंकू होतं. आणि नंबराची चिठ्ठी आमच्या ऑफिसच्या सुतळीने बांधलेली नव्हती. ती पिवळट पडलेल्या पांढऱ्या दोऱ्याने बांधलेली होती, आणि दोऱ्याच्या गाठीत झेंडूची वाळकी पाकळी अडकली होती.

मी आबांकडे पाहिलं. आबा पोत्याचं तोंड दुमडत होते, पोतं अजून रिकामं झालेलं नसताना.

“आबा, हे काय आहे?”

“नवमी व्हती बाई,” आबा म्हणाले. “समद्या हापिसात पूजा झाली. तुमी सोता झेरॉक्सच्या मशीनला हार घातला. मंग हत्यारं तेवढी पारोशी ठिवायची व्हय? खंडेनवमी आसती कुनाची? हत्यारांचीच ना? म्हून पुसली, तेलाचा हात फिरवला, कुकू लावलं.”

“आणि चिठ्ठ्या?”

“तेलानं खराब व्हतील म्हून सोडल्या. मागनं हाराच्या दोऱ्यानं पुन्यांदा बांधल्या. जागच्या जागी.”

“जागच्या जागी?”

“बांधल्या आसतील,” आबा खालच्या आवाजात म्हणाले.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. “माणूस मारलेल्या कोयत्याला कुंकू लावलंत तुम्ही?” त्यावर त्यांनी मान वर करून सांगितलं, “हत्याराचा काय गुन्हा बाई? करनारा हात येगळा आसतो.” त्या वेळी मला त्यांना धरून हलवावंसं वाटलं. रिटायर व्हायला त्यांचे थोडेच महिने राहिले होते, आणि हा मनुष्य मुद्देमालाच्या खोलीत देवपूजा करून बसला होता.

दसऱ्याला त्या पोत्यात सारखे दिसणारे कोयते दोनच होते, हे मला पक्कं आठवत होतं. त्यातला एक इथे. दुसरा दिवाळीनंतर मी स्वतःच्या हाताने परत दिला होता. निमगाव केतकीच्या एका शेतकऱ्याच्या मुलावर बांधाच्या भांडणात कोयता उगारल्याची केस होती; तो सुटला आणि कोयता मालकाला परत करावा असा हुकूम झाला. त्याचे वडील न्यायला आले होते. त्यांनी कोयता उलटसुलट करून जरा वेळ पाहिला होता. “तुमचाच ना? मग सही करा,” मी म्हणाले. मला घाई होती, मला नेहमीच घाई असते. त्यांनी सही केली आणि गेले. म्हणजे जो मोडायचा तो एका घरात नांदत होता, आणि त्या घरचा कोयता मोडायला इथे आला होता.

हवालदार मला बाजूला घेऊन म्हणाले, “मॅडम, नंबर जुळतोय. कागद पुरा हाय. तोडा आन मोकळं व्हा. उकरून काढलं तर चौकशी लागंल. आबांची पेन्शन आडकंल, तुमालाबी निस्तरावं लागंल.” कृषी खात्याच्या पंचांनी लगेच मान डोलावली. मालक कटर पेटवून उभाच होता. निळी ज्योत फर्र आवाज करत होती, आणि सगळे माझ्याकडे बघत होते.

मी घाबरले होते. आबा सरकारी नोकरीत म्हातारे झाले, त्यांचा शेवट माझ्या एका कागदाने बिघडणार होता, आणि माझ्याही नोकरीला डाग लागणार होता. एक लोखंडाचा तुकडा, तोही कुणी परत न मागितलेला. तोडला असता तर कुणाला कधी कळलं नसतं.

ती बाई हळूच म्हणाली, “तुमी तोडा म्हनलात तर त्ये तोडतील. पर तो कुनाच्या तरी घरात हाय बाई.”

मी मालकाला कटर बंद करायला सांगितलं आणि न्यायाधीश साहेबांना फोन लावला. सगळं सांगितलं, आबांसकट. साहेबांनी दोन्ही खटल्यांचे नंबर लिहून घेतले. मग म्हणाले, “आधी खरा आणा. मग तोडा. आणि झालं ते लेखी द्या.” आबा तिथेच पालथ्या टोपलीवर बसले. मला त्यांची दयाही आली आणि चीडही आली, दोन्ही एकाच वेळी.

पंचांना चहावर बसवून मी, हवालदार आणि ती बाई पोलिसांच्या जीपने निघालो, तो गुळगुळीत मुठीचा कोयता सोबत घेऊन. तिला न्यायची गरज होती, ओळखणारी तीच.  कळसकडे, तिच्या रानाकडे जाणारा फाटा आला तेव्हा तिने तिकडे पाहिलंही नाही. रस्त्याला हंगामातल्या शेवटच्या उसाचे ट्रेलर जात होते, प्रत्येक ट्रेलरमागे तोडणी टोळीची कोयते घेतलेली माणसं. मी पहिल्यांदाच मोजल्यासारखे ते कोयते बघत होते. या भागात ही वस्तू घरोघरी आहे, आणि हिने इतकी वर्षं त्यांच्यातून वाट काढली होती. माझ्या मनात दुसरीच भीती होती. तो त्यांनी विकला असेल तर? लोहाराकडे देऊन त्याचं दुसरंच काही करून घेतलं असेल तर? मग हिला काय सांगायचं?

निमगावच्या बाजूला वस्तीवर जीप थांबली तसं घर बाहेर आलं. म्हाताऱ्याने पोलिसांची गाडी पाहूनच हात जोडले. “आता काय केलं वो आमी? पोरगं सुटलंय. कागद हाय माझ्यापाशी.” मी म्हणाले, “तात्या, घाबरू नका, काही केलं नाही तुम्ही. कोर्टातून नेलेला कोयता कुठे आहे?” कोयता म्हटल्यावर ते आणखीच घाबरले. त्यांची बायको रडायला लागली. हवालदारांनी समजूत काढायला आवाज चढवला, त्याने तर सगळंच बिघडलं.

तेवढ्यात गोठ्याच्या मागून त्यांचा मुलगा आला. गलका ऐकून तो तसाच धावत आला होता, म्हशींना मका तोडता तोडता. अंगावर बनियन, कपाळावर घाम, उजव्या हातात कोयता. “काय झालं?” असं ओरडत तो आमच्या दिशेनेच येत होता.

हवालदारांचा हात काठीवर गेला.  पण मी त्याच्याकडे बघत नव्हते, मी तिच्याकडे बघत होते. रानातून एक माणूस हातात तोच कोयता घेऊन धावत येत होता आणि ती जीपला टेकून उभी होती. ती ओरडली नाही, मागे सरली नाही. तिच्या तोंडाचा रंग उतरला आणि ओठ नुसते हलत राहिले. त्या क्षणी तिला मी इथे आणलं याचं मला इतकं वाईट वाटलं की मी मध्ये जाऊन उभी राहिले. अंगात बळ नव्हतं, नुसता आवाज होता.

“खाली ठेव तो. आधी खाली ठेव.”

पोरगं गोंधळून थांबलं. त्याने हातातल्या कोयत्याकडे पाहिलं, जणू तो आपल्या हातात आहे हे त्याला आत्ताच कळलं. मग त्याने तो मातीत ठेवला आणि दोन पावलं मागे झाला.

थोड्या वेळाने त्याची बायको पाणी घेऊन आली. ती म्हणाली, “नेताय व्हय? न्या बाई. धारंला लई चांगला हाय, पर ह्येंच्या हाताला बसत न्हाय. मुठीला कायतरी खोबन हाय, आंगठ्याला लागती.”

मी कळसच्या बाईकडे पाहिलं. तिने मान हलवली.

तात्या ओशाळले होते. “मला तवाच कळलं व्हतं आमचा न्हवं म्हून. पर कोर्टात कशाला तोंड उघडायचं? दिला तो घितला.” त्यांना आता हा कोयता कुठला ते जाणून घ्यायचं होतं. सुनेने तर विचारलंच, “कुनाचा हाय वो ह्यो?” मी शब्द शोधत होते. याच कोयत्याने या घरात चारा तुटला होता, नारळ फुटले होते. खरं सांगितलं असतं तर ती पोर आपले हात धूत बसली असती.

“आमचा हाय,” कळसची बाई म्हणाली. “अदलाबदल झाली.” आणि त्यांचा कोयता तिनेच जीपमधून काढून सुनेच्या हातात दिला.

परतताना कोयता हवालदारांनी कापडात गुंडाळून पुढे पायाशी ठेवला होता. ती वाटेत एकदाच बोलली. “धार लावून घितलीय त्येंनी. चांगली ठिवली व्हती.”  

वर्कशॉपमध्ये पंच जांभया देत होते. मी हवालदारांना नंबर पुन्हा वाचायला लावला. मालकाने हातोडा घेतला, मूठ ठोकून काढली आणि बाकीच्या मुठींच्या ढिगावर फेकली. मग पात्यावर ज्योत धरली. लोखंड लाल झालं, पांढरं झालं, ठिणग्या उडाल्या, आणि पात्याचे दोन तुकडे सिमेंटवर पडले. ती पापणी न लववता बघत होती. मी तिला म्हणाले, “झालं बाई. मोडला. आता जा रानात.” मला वाटलं, ती रडेल किंवा निदान सुस्कारा टाकेल.

ती ढिगापाशी गेली. तिथे वीसेक मुठी पडल्या असतील. तिने एकच उचलली आणि धूळ पदराला पुसली.

“बाई, ही मी न्हिऊ का?”

मी हादरलेच. इतकी वर्षं जो मोडावा म्हणून हिने माझा उंबरा झिजवला, त्याचीच मूठ हिला हवी होती. पंच कुजबुजायला लागले. हवालदार म्हणाले, “मुठी जाळायच्या आसत्यात, मावशी.” आणि मी, स्वभावाप्रमाणे, मनात आलं ते बोलून गेले. “अहो, तुमच्या दिराने हीच धरली होती ना? हीच मूठ धरून त्याने...”

पुढचं मी गिळलं, पण तिला ते ऐकू आलं होतं. तिने आपला अंगठा त्या खोबणीत ठेवून पाहिला. तिचा अंगठा सरळ होता. तो तिथे बसत नव्हता.

“त्यानं एकदाच धरली बाई,” ती म्हणाली. “ह्येंनी रोज धरली.”

मी हुकूम पुन्हा उघडून वाचला. त्यात कोयता तोडून नाश करावा, एवढंच होतं. पातं तुटलं होतं. मुठीबद्दल त्यात काही नव्हतं. मी पंचांसमोर सहीला कागद ठेवला आणि तिला म्हणाले, काटेवाडीची एसटी फाट्यावर थांबते, लवकर निघा. ती निघाली. रस्त्यावर पोचल्यावर मात्र ती काटेवाडीच्या बाजूला उभी राहिली नाही. रस्ता ओलांडून ती कळसकडे जाणाऱ्या बाजूला जाऊन थांबली.